वीतभर आखूड साम्पिन

वडीलबंधू आबांग लोंग यांस, धाकट्या बहारोमचा उजवा हात छातीशी नेऊन सलाम.

अल्लाहच्या कृपेने मी इथे कुआला पिलाहला ठीक आहे. तुम्हीही तिथे जोहोरला ठीक आहात हे वहिनींनी फोनवर टाकलेल्या फोटोवरून कळलं. फोटोत तुम्ही होडीत उभे आहात आणि तुमच्या हातात एक मासा आहे, जो तुमच्या धाकट्या नातवापेक्षा मोठा आणि चेहऱ्याने जास्त शहाणा दिसतो. पायाच्या ज्या अंगठ्यामुळे तुम्हाला इथवर गाडीत बसवेना, त्याच अंगठ्यावर तुम्ही डुलत्या होडीत तोल सांभाळलात, हे बघून मन भरून आलं. अंगठ्याला माझा सलाम सांगा. वहिनींची साखर, तुमचं कोलेस्टेरॉल आणि शेजाऱ्याशी चाललेलं डुरियानच्या फांदीचं भांडण, तिन्ही आटोक्यात असोत अशी दुआ करतो. हे पत्र हाताने लिहितो आहे, कारण फोन केला तर वहिनी स्पीकर लावतात, आणि घरच्या ग्रुपवर लिहिलं तर ब्रुनेईतला चुलतभाऊसुद्धा खाली अंगठा टाकतो. या प्रकरणात मला आणखी अंगठे नको आहेत.

आता तक्रार. गंभीर आहे, म्हणून नवा परिच्छेद घेतला आहे.

तुम्ही बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवलेलं साम्पिन आखूड निघालं. तुम्ही घरातले थोरले, तुम्हाला शिकवायला जाणं म्हणजे बदकाला पोहणं शिकवणं, तरी मनाची शांती व्हावी म्हणून लिहितो: पायजम्यावरून कमरेला गुंडाळायचं जरीचं वस्त्र लग्न न झालेल्याचं गुडघ्याच्या वर येतं आणि लग्न झालेल्याचं गुडघ्याच्या खाली. हे आपल्या वडिलांनी आपल्याला बोलता येण्याआधी शिकवलं. विधुराचं कुठे यावं याबद्दल मात्र पूर्वजांनी काही सांगून ठेवलेलं नाही. त्यांचा अंदाज असा असावा की आधी नवराच जातो, आणि चुकून मागे राहिलाच तर मयताच्या जेवणाची भांडी वाळायच्या आत दुसरी करतो, तेव्हा त्याच्या गुडघ्यांची वेगळी सोय कशाला? हलीमा गेल्यापासून मी आपला घोट्यापर्यंत लुंगी नेसून हा प्रश्न टाळत आलो होतो. पण माझं साम्पिन तिने ज्या ट्रंकेत ठेवलं होतं ती ट्रंक मध्यंतरी उघडली, तर आत जरीच्या तारा शिल्लक होत्या आणि बाकीचं कसरीने खाल्लं होतं. म्हणून तुमच्याकडे मागितलं. तुम्ही चिठ्ठीत लिहिलंत, 'हे आपल्या घराण्याच्या इभ्रतीचं साम्पिन आहे, जपून वापर.' इभ्रतीला कमरेशी इलॅस्टिक आणि चिकटपट्टी असते हे मला माहीत नव्हतं.

काम काय होतं ते तुम्ही जाणता. आपल्या बहिणीच्या, रोस्नाहच्या फैरूससाठी माक तेहच्या धाकट्या लेकीला, इझ्झातीला, विचारायला जायचं होतं. असल्या वेळी मुलाकडून बोलायचा मान घरातल्या थोरल्याचा, म्हणजे तुमचा. तुम्ही कळवलंत, 'अंगठा फार दुखतोय. बहारोम, तूच जा, तुला बोलायला आवडतं.' (मला बोलायला आवडत नाही. बोलायला हलीमाला आवडायचं. मी मधूनमधून 'हं' म्हणायचो आणि त्यावरून गावाने मला बोलका ठरवलं.) रोस्नाहने सेरेंबानहून एक सजावटवाली बोलावली होती. तिने भेटींची पाच ताटं सजवली, कारण ताटं विषम लागतात, आणि प्रत्येक ताटावर एवढ्या चकचकीत रिबिनी लावल्या की आत खजूर आहेत की मिठाई हे ज्याचं त्याने श्रद्धेने मानायचं. सगळ्यांच्या पुढे पानाची पितळी पेटी. पेटीला एक छापील कार्ड: पान म्हणजे नम्रता, चुना म्हणजे निर्मळ मन, सुपारी म्हणजे घराणं, कात म्हणजे धीर, तंबाखू म्हणजे त्याग. आपल्या लहानपणी हे अर्थ लोकांच्या तोंडात असत, आणि पानही तोंडातच असे, त्यामुळे कार्डाची गरज पडत नसे.

साम्पिन मी घरी नेसून बघितलं नाही. थोरल्या भावाने पाठवलेली वस्तू तपासून बघणं मला उद्धटपणाचं वाटलं. माक तेहच्या घराच्या अलीकडे गाडी थांबवून रबराच्या झाडामागे नेसायला गेलो. इलॅस्टिकची आणि माझ्या पोटाची भेट झाली, दोघांचं पटलं नाही, आणि साम्पिन सरसर वर गेलं. खाली ओढलं की क्षणभर विचार करायचं आणि परत वर जायचं. शेवटी गुडघ्याच्या वर वीतभर येऊन ते असं बसलं, जसा एखादा जावई सासरी बसतो. झाडाच्या मागून बाहेर आलो तर रोस्नाहने कपाळाला हात लावला. (तिचा आबांग मीसुद्धा.)

"आबांग, हे काय? खाली ओढ ना!"

"ओढलं."

"मग परत ओढ! आपण फैरूसची सोयरीक विचारायला चाललोय, तुझी नाही!"

परत जाण्याचा प्रश्नच नव्हता. निघालेली पानाची पेटी अर्ध्या वाटेतून मागे फिरवायची नसते असं रोस्नाहचं म्हणणं पडलं, आणि ते तिने कुठल्या व्हिडिओत ऐकलं हे विचारायला वेळ नव्हता. तेव्हा तुमची इभ्रत मांड्यांवर घेऊन मी माक तेहच्या जिन्याशी उभा राहिलो.

आपल्या भागात घर बाईचं, शेत बाईचं आणि शब्दही बाईचा, त्यामुळे मुलीकडून बोलायला कोणी काका-मामा नव्हते, स्वतः माक तेह होती. म्हातारी तुम्हाला आठवत असेल. दात सगळे गेले, पण पान सुटलेलं नाही. पितळेच्या नळीत कुटून खाते. पंचक्रोशीत खरोखर पान खाणारी ती आता शेवटचीच. पेटीतल्या पानाचा प्रत्येक अर्थ तिला तोंडपाठ आहे, अगदी शब्दशः. आम्ही चटईवर बसलो. मी मांडी घालताच साम्पिन आणखी चार बोटं वर गेलं. म्हातारीने आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग गुडघ्यांकडे, मग परत चेहऱ्याकडे, आणि जी मान हलवली ती बाजारात पपई दाबून बघितल्यावर हलवतात तशी. (पायजमा होता. हे मी नंतर इतक्या लोकांना सांगितलं आहे की आता मलाच शंका येते.)

मी पानाची पेटी दोन्ही हातांनी पुढे सरकवली. तिकडच्यांनी पान उचलून तोंडात घातलं की बोलणं सुरू करायला परवानगी. पान पालथं करून ठेवलं की सलाम करून उठायचं. हल्ली सगळे पेटीला नुसतं बोट लावतात. पण माक तेहने पान उचललं, त्याला चुना लावला, सुपारी ठेवली, घडी केली आणि नळीत घालून कुटायला लागली. ते कुटेना. तिने जरा जोर लावला. मग सोडून दिलं, आख्खी घडीच तोंडात टाकली आणि हिरड्यांनी चावायला सुरुवात केली.

आबांग, ते पान कापडाचं होतं. सजावटवालीचं म्हणणं, खरी पानं उन्हात माना टाकतात आणि फोटो खराब येतो.

आता जगात दुसरी कुठलीही म्हातारी असती तर तिने ते थुंकलं असतं. पण मुलाकडचं पान थुंकायचं म्हणजे मुलाला नाकारायचं, आणि माक तेहला फैरूस नाकारायचा नव्हता. तेव्हा ती चावत राहिली. आम्ही दोन्हीकडची माणसं मान खाली घालून, हात मांडीवर ठेवून, एक वयस्कर बाई आमच्या घराण्याच्या अब्रूखातर शुद्ध नायलॉन चघळते आहे हे आदराने ऐकत होतो. पंखा फिरत होता. रोस्नाहचे ओठ हलत होते. मला वाटतं ती संकटात म्हणायची आयतुल कुर्सी म्हणत होती. खूप वेळाने माक तेहने ते गालात सरकवलं आणि म्हणाली, "नम्रता जरा चिवट आहे तुमची."

मग तिने ओढणीआडून स्वतःची डबी काढली. "तुमचं आम्ही खाल्लं, आता आमचं तू खा, बाळा. हे झाडाचं आहे." आणि खऱ्या पानाचा विडा माझ्या तळहातावर ठेवला. नाही म्हणणं शक्य नव्हतं. तिने कापड चावल्यानंतर तर मुळीच नाही. मी शेवटचा विडा खाल्ला तो लहानपणी, तुमच्या आग्रहावरून, आजीच्या डबीतून चोरून, आणि त्याचं काय झालं हे तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुमच्याच सदऱ्यावर झालं होतं. या खेपेला चुन्याने जीभ पोळली, तंबाखूने कानशिलं गरम झाली आणि तोंड असं भरलं की पाठ करून आणलेलं भाषण, त्यातल्या फुलबागा आणि भुंगे धरून, पार आत अडकलं.

"घरी कोण असतं तुझ्या?" माक तेहने विचारलं.

मी मान हलवली: कोणी नाही.

"बायको?"

मी बोटाने वर दाखवलं.

"मग साम्पिन बरोबर नेसलास की. मला वाटलं, एवढा पोक्त माणूस, गुडघे असे कसे? म्हणजे बघतोयस होय कोणाला?"

आणि इथे, आबांग, मला उचकी लागली. उचकीने मान वर जाते आणि खाली येते. लांबून बघणाऱ्याला ते काय दिसतं हे तुम्ही आरशासमोर करून बघा. मी हात हलवून खुलासा करणार तोच दुसरी आली. मग तिसरी.

"घाई दिसतेय," माक तेह समाधानाने म्हणाली.

तेवढ्यात आतून थोरली मुलगी सरबताचं ताट घेऊन आली. चेगू मझ्ना. शाळेत भूगोल शिकवते, म्हणून चेगू; लग्न केलेलं नाही, आलेली स्थळं तिने ज्या कारणांसाठी नाकारली ती कारणं गावात म्हणींसारखी वापरतात. तिने ताट ठेवलं आणि आईला म्हणाली, "आई, गुडघे बघून माणूस ठरवतात का?"

"मग काय बघू? तोंडात विडा आहे, शब्द फुटत नाही. काहीतरी बघायला नको?"

मझ्ना माझ्याकडे वळली. मी उचकी दिली. तिने मोठ्या शांतपणे, वर्गात हजेरी घ्यावी तशा आवाजात, एक पांतुन टाकला. आपल्याकडे पांतुनच्या पहिल्या दोन ओळी रानातल्या आणि पुढच्या दोन मनातल्या. हिच्या चारही माझ्या अंगावर आल्या:

उथळ पाण्यात बगळा उभा,
गुडघे उघडे, डोळे मिटून;
सभेला आली एवढी शोभा,
शब्दच गेले कसे आटून?

बायका हसल्या. रोस्नाहसुद्धा हसली, ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे. पांतुनला पांतुनने उत्तर द्यायचं असतं; न दिलं तर तो अंगावर राहतो. मी उत्तरादाखल आणखी एक उचकी दिली, जिच्यात यमक नव्हतं.

यानंतर माक तेहने निकाल सांगितला. फैरूस पसंत. इझ्झाती राजी. पण धाकटी थोरलीला ओलांडून लग्न करते, म्हणजे उंबरा ओलांडते. तेव्हा मुलाकडच्यांनी थोरलीला उंबऱ्याचा मान द्यायचा, आणि तो काय द्यायचा हे थोरलीने सांगायचं. ती सांगेपर्यंत पुढची बोलणी नाहीत. "आणि या बाळाचं काय ते," माझ्या गुडघ्यांकडे बघत ती म्हणाली, "तेही तिलाच ठरवू दे." रोस्नाह पटकन म्हणाली, उंबऱ्याला एक भारी पोशाख देऊ, रेशमी. मझ्ना म्हणाली, "कापड नको. आई अजून एक चघळतेय. काय हवं ते नंतर कळवते."

आम्ही घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. कॉफीच्या टपरीवर मला न मागता चहा मिळाला, वरून साय जास्त. मशिदीत इमामसाहेबांनी हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि निकाह ही पैगंबरांची सुन्नत आहे हे सांगितलं. माझ्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात दोन बायका पेन्सिली घ्यायला आल्या, ज्यांच्या घरात लिहिणारं कोणी नाही. इपोहहून माझ्या मुलीचा फोन: "आबाह, मला दुसऱ्याकडून कळावं?" फैरूसचा मामाला फोन: "पाक लांग, लग्न माझं ठरलं की तुमचं? हॉल बुक करायचाय म्हणून विचारतो." गरीब पोराचा आवाज रडवेला होता. थोरलीने उंबऱ्याचा मान सांगितला नव्हता, आणि तो न सांगण्याचं कारण मी आहे असं सगळे धरून चालले होते. पोरगं चाळिशीला आलं आहे, आबांग, आणि इझ्झातीला भेटल्यापासून केसांना तेल लावायला लागलं आहे. त्याची सोयरीक माझ्या पोटावर येऊन अडकली होती.

खुलासा करणं भाग होतं, आणि तो करणं अशक्यही होतं. 'साम्पिन इलॅस्टिकमुळे वर गेलं' असं मी गावात म्हणालो तर त्याचा अर्थ एवढाच की चेगू मझ्नाला मागणी आली ती चुकून, आणि कळल्यावर परत घेतली. जिने आयुष्यभर स्थळं नाकारली तिला इलॅस्टिकने नाकारलं, असं गाव म्हणणार. आणि तिचा असा अपमान झाल्यावर माक तेह इझ्झातीला उंबरा ओलांडू देईल? म्हणजे बोललो तर फैरूस बुडणार, आणि गप्प बसलो तर मी.

शेवटी मी तिच्याकडेच गेलो. साधी लुंगी नेसून, घोट्यापर्यंत. ती जिन्याच्या पायरीवर बसून पेपर तपासत होती. रंबुतानच्या झाडाखाली माक तेह डुलक्या घेत होती, निदान डोळे तरी मिटलेले होते.

"चेगू, त्या दिवशीचं ते साम्पिन..." मी सुरुवात केली.

"इलॅस्टिकचं होतं. माहितेय."

"कसं काय?"

"मागे लेबल लोंबत होतं. वय तेरा ते चौदा. गणवेश तपासण्यात जन्म गेलाय माझा."

(तुमच्या लेकाचं शाळेतलं ईदचं साम्पिन. इभ्रत!)

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

ती लाल पेनाचं टोपण लावत म्हणाली, "आईने तुमच्यासाठी कापड चावलं. थुंकली नाही. मी तोंड उघडलं असतं तर तिचं चावणं फुकट गेलं असतं."

मी खालच्या पायरीवर बसलो.

मग तिनेच मार्ग काढला. उंबऱ्याचा मान म्हणून तिला एक पान हवं: जे आईने मला दिलं त्याची परतफेड. झाडाचं हवं, सेरेंबानचं नको. शुक्रवारी जुम्याच्या नमाजाआधी मी ते त्यांच्या रस्त्याकडच्या खिडकीच्या कठड्यावर उताणं ठेवून जायचं. सगळा गाव त्या खिडकीवरून मशिदीत जातो. लोक परत येतील तोवर ती ते पालथं करून ठेवील. बघणाऱ्याला जे कळायचं ते कळेल. उंबऱ्याचा मान मिळाला, इझ्झाती सुटली. पान पालथं पडलं, मी सुटलो.

"लोक म्हणतील, चेगूने आणखी एकाला नाही म्हटलं," ती म्हणाली. "मला सवय आहे. तुम्हाला चालेल?"

"मला नकाराची सवय नाही."

"कधी कोणाला विचारलंच नसेल."

"हलीमाला विचारलं होतं."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, आधी साम्पिन नीट नेसून या."

ती हसली. (तिचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले आहेत. या माहितीचा प्रकरणाशी संबंध नाही.) मग तिने माझ्या दुकानातल्या नकाशांच्या वह्यांबद्दल तक्रार केली, की त्यांत आपली मुआर नदी चुकीच्या डोंगरातून निघते, आणि हे खरं आहे, आणि इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांपैकी ते कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. तिने कागदावर नदी काढून दाखवली. नदी लांब आहे; वेळ लागला. उठताना रंबुतानखालून माक तेह डोळे न उघडता म्हणाली, "आज काही गुडघे दिसले नाहीत," आणि परत झोपली.

तर प्रकरण असं मिटलं आहे. पान शोधायलाही लांब जावं लागलं नाही. हलीमाने घरामागच्या सुपारीवर जी वेल चढवली होती आणि जी मी इतकी वर्षं मिरीची समजून शेजाऱ्याच्या बकरीला खाऊ देत होतो, ती पानाचीच निघाली. उद्या शुक्रवार. उद्या पान ठेवलं जाईल, पालथं केलं जाईल, फैरूस ईदनंतर हॉल बुक करील, आणि मी पूर्वीसारखा संध्याकाळी दुकान बंद करून, भात एकट्यापुरता लावून, रेडिओ ऐकत बसायला मोकळा. या मोकळेपणाने इतकं हलकं वाटतं आहे की काल जेवण गेलं नाही.

तुमचं साम्पिन या पत्रासोबतच परत पाठवतो आहे. पुन्हा कधी कोणाला पाठवू नका. वहिनींना सलाम, मुलांना दुआ, माशाला सहानुभूती.

तुमचा आज्ञाधारक धाकटा,
बहारोम

ता. क. पाकीट हलकं लागलं तर बसच्या ड्रायव्हरशी भांडू नका. त्यात साम्पिन नाही. मला ते उद्या लागेल असं दिसतं.

ता. क. दुसरा. (शुक्रवार, संध्याकाळ. पत्र टाकायचं राहिलं ते बरंच झालं.) एक विनंती आहे. ईदनंतरच्या पहिल्या शनिवारी इथे या. अंगठ्याची सबब चालणार नाही. तो मासा मी फोनमध्ये जपून ठेवला आहे. थोरल्या भावाने धाकट्याकडून चार शब्द बोलायचे आहेत, माक तेहच्या चटईवर बसून. फुलबाग आणि भुंगे मी लिहून देईन. साम्पिन गुडघ्याखाली येईल असं आणा, तुमचं लग्न झालेलं आहे. पानं इथली घेऊ, वेलीवर भरपूर आहेत, बकरी बांधून घातली आहे. सजावटवालीला कळू देऊ नका. रोस्नाहला मीच सांगीन, तिच्या हसण्याचा हिशेब व्हायचा आहे.

ता. क. तिसरा. कारण शेवटी लिहितो, कारण तुम्ही पत्र नेहमी खालून वाचता. आज जुम्याला जाताना मी तुमचं आखूड साम्पिन नेसलो. लेबल कापलं, इलॅस्टिक ढिलं केलं. आता ते मनात आणलं तर खाली येत होतं. मी गुडघ्याच्या वर वीतभर घेतलं. खिडकीत कोणी नव्हतं. कठड्यावर पान उताणं ठेवलं, आणि अंगावर राहिलेलं दुसरंही काही होतं, म्हणून त्याच्याखाली एक कागद:

सुपारीवरती चढली वेल,
पान झुकलं उंबऱ्याकडे;
चुकून आलो पहिली वेळ,
जाणून आलो आज इकडे.

इमामसाहेब खुतब्याच्या प्रवचनात काय म्हणाले ते विचारू नका. परत येताना सगळा गाव माझ्या बरोबरीने चालत होता, कधी नव्हे इतका सावकाश. कठड्यावर पान नव्हतं. पालथंही नव्हतं. कागदही नव्हता. आतून पितळेच्या नळीत कुटल्याचा आवाज आला, मग थांबला, आणि थोड्या वेळाने कोणीतरी मोठ्याने उचकी दिली.

माक तेहला विड्याने कधी उचकी लागत नाही.